शरीराचा व्यायाम, आत्म्याची साधना आणि तारणाची आशा : संत इग्नेशियस लोयोला ह्यांचे जीवन

३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण साजरा करते. रिट्रीट, आत्मपरीक्षण, मनन-चिंतन हे शब्द आज आपल्या धर्मग्रामांत घरोघरी परिचित आहेत. त्यांमागे ह्या संताचे फार मोठे ऋण आहे. १९२२ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना आध्यात्मिक साधनांचे व रिट्रीटचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे पोपमहोदय स्वतः तरुणपणी निष्णात गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी आल्प्स पर्वतातील मोंते रोसा हे शिखर पूर्वेकडील दुर्गम कड्यावरून सर केले होते. शरीर कसण्यासाठी किती धीर लागतो हे ज्यांनी अनुभवले होते, त्याच पोपमहोदयांनी आत्मा कसण्याची रीत शिकविणाऱ्या संताला हा मान द्यावा, ह्यात मोठे औचित्य आहे.

आज आपले कितीतरी तरुण-तरुणी पहाटे किंवा सायंकाळी व्यायामशाळेत जातात. वजने उचलतात, आहाराचे नियम पाळतात, आपल्या प्रगतीची वहीत नोंद ठेवतात. ही स्तुत्य गोष्ट आहे. ह्याच तरुणांना कधी एखादा मित्र किंवा अन्य पंथाचा प्रचारक अचानक विचारतो की, तुझे तारण झाले आहे ह्याची तुला खात्री आहे काय? आपला कॅथलिक तरुण तेथे अडखळतो. होय म्हणावे तर गर्व केल्यासारखे वाटते, नाही म्हणावे तर देवावर विश्वास नसल्यासारखे वाटते. शरीराचे बळ आणि तारणाची खात्री हे दोन विषय वरवर पाहता एकमेकांपासून दूर भासतात. संत इग्नेशियस ह्यांच्या जीवनात मात्र ते पदोपदी एकत्र आलेले दिसतात.

सरदार घराण्यातील तरुण

उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशात अझ्पेतिया गावाजवळ लोयोला नावाची गढी आहे. तेथे १४९१ साली एका सरदार घराण्यात ह्या बालकाचा जन्म झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचे नाव इनिगो असे ठेवण्यात आले. आईचे छत्र लवकर हरपले, आणि गावातील एका लोहाराच्या पत्नीने त्याला अंगावर दूध पाजून वाढविले. पंधरा-सोळा वर्षांचा असताना इनिगो आरेवालो येथे कास्तील राज्याचे खजिनदार हुआन वेलास्केस ह्यांच्या घरी राहावयास गेला. तेथे तो दरबारी चालीरीती, तलवारबाजी, अश्वारोहण आणि सुंदर हस्ताक्षर शिकला. वेलास्केस ह्यांच्या निधनानंतर १५१७ साली त्याने नाव्हारा प्रांताच्या व्हाइसरॉयकडे चाकरी धरली.

हा तरुण देखणा, धाडसी आणि मानाचा भुकेला होता. शस्त्रे चालविण्यात त्याला आनंद वाटे. केसांची निगा आणि कपड्यांची ऐट ह्यांत तो गढून जाई. द्वंद्व, जुगार आणि स्त्रिया ह्यांविषयीचे त्याचे वर्तन निर्दोष नव्हते, हे त्याने स्वतःच उतारवयात आपल्या सहकाऱ्यांजवळ मोकळेपणाने कबूल केले आहे. श्रद्धा होती, परंतु ती कुळाच्या चिन्हासारखी अंगावर मिरविण्यापुरती होती.

मोडलेला पाय

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोना किल्ल्यावर फ्रेंच सैन्याने तोफा डागल्या. किल्ल्यातील बहुतेक अधिकारी शरण जाण्यास तयार होते. इनिगोने त्यांना लढण्यास प्रवृत्त केले. एका तोफगोळ्याने त्याच्या उजव्या पायाचे हाड चुरडले आणि डाव्या पायालाही जखम केली. तो कोसळताच किल्ला पडला. फ्रेंचांनी शत्रूच्या ह्या शूर सैनिकाला सन्मानाने वागविले, औषधोपचार केले आणि डोलीतून त्याच्या घरी पाठविले.

घरी आल्यावर हाड नीट बसले नसल्याचे वैद्यांच्या लक्षात आले. ते पुन्हा मोडून बसवावे लागले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. इनिगोने घट्ट मुठी आवळल्या, तोंडातून हूं की चूं केले नाही. प्रकृती खालावली. संत पेत्र व संत पौल ह्यांच्या सणाच्या आदल्या रात्रीपर्यंत उतार पडला नाही तर आशा नाही, असे वैद्यांनी सांगितले. त्याच रात्री उतार पडला.

पाय जुळला, परंतु गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा वर आलेला राहिला आणि पायही आखूड झाला. घट्ट, उंच बूट घालून दरबारात मिरवू पाहणाऱ्या तरुणाला ही कुरूपता सहन होईना. ते हाड कापून काढावे, असा त्याने आग्रह धरला. आजवर सोसलेल्या सर्व वेदनांहून ही वेदना भयंकर असेल, असा इशारा वैद्यांनी दिला, तरी तो मागे हटला नाही. हाड कापले गेले. नंतर पाय लांब व्हावा म्हणून यंत्रे लावून तो दिवसचे दिवस ताणून ठेवण्यात आला. इतके करूनही तो थोडा लंगडा राहिला तो राहिलाच.

ह्या तरुणाच्या ठायी सहनशक्ती अफाट होती, ह्यात शंका नाही. प्रश्न एवढाच होता की, ती सहनशक्ती कशासाठी खर्च होत होती. एका बुटाच्या ऐटीसाठी त्याने जिवावरचे दुखणे पत्करले. आरशासमोर उभे राहून केवळ आपल्या दंडांकडे पाहणाऱ्या आजच्या तरुणाला हा प्रसंग आपलाच वाटेल.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने वीरकथांचे ग्रंथ मागितले. ते घरात नव्हते. वहिनीच्या घरसंग्रहातून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हे दोन ग्रंथ मिळाले. वाचता वाचता त्याच्या लक्षात आले की, दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगविताना मन सुखावते, परंतु नंतर कोरडे पडते. संत फ्रान्सिस व संत डॉमिनिक ह्यांच्याप्रमाणे जगण्याचा विचार केला की आनंद मागे उरतो. देवाचा आवाज ओळखण्याचा हा त्याचा पहिला धडा होता.

मान्रेसा : देहदंड आणि निराशा

१५२२ च्या वसंतऋतूत तो घर सोडून मोन्सेरात येथील पवित्र मरियेच्या तीर्थस्थानी गेला. तीन दिवस खर्चून त्याने संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन लेखी तयार करून केले. २४ मार्चच्या रात्री आपली उंची वस्त्रे एका गरिबाला देऊन त्याने गोणपाटाचा अंगरखा चढविला. तलवार आणि खंजीर मरियामातेच्या वेदीजवळ ठेवून त्याने रात्रभर जागरण केले. दुखरा पाय रोज सुजत असे, म्हणून त्या एकाच पायात जोडा घालून तो पुढे निघाला. पुढे पॅरिसला असताना त्यांनी इग्नेशियस हे नाव धारण केले. आपणही येथून त्यांना ह्याच नावाने संबोधू या.

जवळच्या मान्रेसा गावी ते सुमारे अकरा महिने राहिले. ते भिक्षा मागून जेवत, मांस व मद्य वर्ज्य करीत. एके काळी ज्या केसांची एवढी निगा राखली ते केस त्यांनी विंचरणे सोडले, नखे वाढू दिली. दिवसातील सात तास ते गुडघ्यांवर प्रार्थना करीत. पूर्वी शरीर मिरविण्यासाठी होते, आता ते मोडण्यासाठी झाले. दोन्ही वेळा नजर मात्र स्वतःवरच खिळलेली होती, हे त्यांना अजून उमगले नव्हते.

लवकरच त्यांना एका भयंकर शंकेने ग्रासले. आपण सगळी पापे नीट सांगितली काय? एखादे राहून तर गेले नाही ना? ते पुनःपुन्हा पापनिवेदन करीत, आणि पुनःपुन्हा शंका डोके वर काढी. जुनी पापे अगदी स्पष्ट आठवली तरच सांगावीत, असे धर्मगुरूंनी बजावले. परंतु त्यांना तर प्रत्येक पाप स्पष्टच वाटे. उपाय सापडणार असेल तर एखाद्या कुत्र्याच्या पिलामागूनही मी चालत जाईन, अशा अर्थाचा आक्रोश त्यांनी देवाजवळ केला. आपल्या खोलीतील एका मोठ्या भगदाडातून उडी टाकून जीवन संपवावे, असा मोह त्यांना वारंवार झाला. परंतु तसे करणे पाप आहे हे स्मरून त्यांनी तो परतवून लावला.

मग त्यांनी शेवटचा उपाय म्हणून देव दया करीपर्यंत अन्नपाणी वर्ज्य केले. एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत त्यांनी काही खाल्ले नाही. पापनिवेदनाच्या वेळी हे समजताच धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा दिली, आणि ती त्यांनी मानली. दोन दिवस मन शांत राहिले. तिसऱ्या दिवशी शंकांचे मोहोळ पुन्हा उठले. त्या वेळी अकस्मात झोपेतून जागे व्हावे तसे त्यांना झाले. ह्या शंका देवाकडून येत नाहीत, हे त्यांना दिसले. क्षमा झालेल्या पापांचा पाढा पुन्हा वाचायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला आणि ते मुक्त झाले. उपवासाच्या बळावर जे त्यांना मिळाले नव्हते, ते देवाने आपल्या दयेने दिले.

ह्यानंतर कार्दोनेर नदीकाठी बसले असता त्यांना विलक्षण आत्मिक प्रकाश लाभला. आयुष्यभर मिळालेले सारे ज्ञान एकत्र केले तरी त्या एका प्रसंगाची बरोबरी होणार नाही, असे ते पुढे सांगत. त्यांनी केस कापले, नखे काढली, पुन्हा मांस खाण्यास सुरुवात केली.

मरणाच्या दारातील पहिली भेट

मान्रेसा येथेच त्यांना तीव्र ताप आला आणि मृत्यू जवळ आल्याचे त्यांना वाटले. त्या क्षणी त्यांच्या मनात एक विचार आला की, तू नीतिमान आहेस. पूर्वी निराशेच्या मोहाशी लढलेल्या ह्या माणसाला आता उलट दिशेच्या मोहाशी लढावे लागले. तापापेक्षाही ह्या विचाराने त्यांना अधिक छळले. ते आपली पापे आठवून त्याला दूर सारीत राहिले. थोडे बरे वाटताच भेटीस आलेल्या स्त्रियांना त्यांनी विनविले की, पुन्हा मी मरणाच्या दारी असलो तर मला मोठ्याने हाक मारून पापी म्हणा आणि देवाविरुद्धच्या अपराधांची आठवण द्या.

अशा रीतीने एका वर्षाच्या आत त्यांना आशेविरुद्धची दोन्ही पापे अगदी जवळून दिसली. एक म्हणजे निराशा. देव मला क्षमा करूच शकत नाही, असे मानणे. दुसरे म्हणजे फाजील खात्री. माझे तारण माझ्याच मुठीत आहे, असे मानणे. ख्रिस्ती आशेची वाट ह्या दोहोंच्या मधून जाते.

साधनेची वही

मान्रेसा येथील अनुभवांतून त्यांनी जी टिपणे केली, तीच पुढे आध्यात्मिक साधना ह्या ग्रंथात रूपांतरित झाली. १५४८ साली पोप तिसरे पॉल ह्यांनी ह्या ग्रंथाला मान्यता दिली. ग्रंथाच्या मूळ नावातील शब्दाचा सरळ अर्थ व्यायाम असाच आहे. चालणे, फिरणे, धावणे हे जसे शरीराचे व्यायाम, तसेच आत्मपरीक्षण, मनन आणि प्रार्थना हे आत्म्याचे व्यायाम होत, असे पहिल्याच सूचनेत सांगितले आहे. ही साधना सुमारे तीस दिवसांची असून ती चार भागांत विभागलेली आहे.

व्यायामशाळेत जाणाऱ्याला ह्या ग्रंथातील अनेक गोष्टी ओळखीच्या वाटतील. एखादा विशिष्ट दोष घालविण्यासाठी दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करावे, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके रेघेवर मांडावेत, सकाळची तुलना संध्याकाळशी, आजची कालशी आणि ह्या आठवड्याची मागच्या आठवड्याशी करावी, असे त्यांनी सुचविले आहे. प्रार्थनेचा तास नकोसा वाटून तो लवकर आटोपण्याचा मोह झाला, तर तासाहून थोडे अधिकच थांबावे. पुढच्या जेवणात किती खायचे ते भूक नसताना, म्हणजे जेवण झाल्यावरच ठरवावे. मन उल्हसित असताना पुढे येणाऱ्या कोरड्या दिवसांसाठी बळ साठवावे, आणि मन खिन्न असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये.

तथापि ह्या सर्व शिस्तीमागे एक मोठा दिलासा आहे. मन अगदी कोरडे पडले, देव दूर गेला असे वाटले, तरी तारणासाठी पुरेशी कृपा त्याने काढून घेतलेली नसते. ती फक्त जाणवत नाही, असे इग्नेशियस शिकवितात. भावना म्हणजे कृपेचे मोजमाप नव्हे. व्यायाम करणाऱ्याला ज्या दिवशी अंग जड वाटते त्या दिवशीही त्याचे स्नायू घडत असतात. आत्म्याचेही तसेच आहे. फरक एवढाच की तेथे घडविणारा देव आहे.

पॅरिस आणि सोबती

१५२३ साली इग्नेशियस पवित्र भूमीला जाऊन आले. आत्म्यांना मदत करायची तर विद्या हवी, हे जाणून तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोना येथे लहान मुलांच्या सोबत बसून ते लॅटिन शिकू लागले. अल्काला आणि सालामांका येथे त्यांच्या शिकवणीची चौकशी झाली, तुरुंगवासही घडला. परंतु दोष सापडला नाही. १५२८ च्या फेब्रुवारीत ते पॅरिसला पोहोचले. बार्सिलोनाहून लंगडत्या पायाने ते चालत निघाले होते.

पॅरिसला एकाच खोलीत त्यांना दोन तरुण भेटले, पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. फेबर हे त्यांच्यासारखेच शंकाग्रस्त मनाचे होते. मान्रेसा येथे ज्याने शंकांचा वणवा सोसला होता, त्यानेच फेबर ह्यांना शांतीचा मार्ग दाखविला. झेवियर ह्यांची गोष्ट वेगळी होती. ते उत्तम खेळाडू होते. धावण्यात आणि उड्या मारण्यात त्यांचा हातखंडा होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. पुढे त्या अभिमानाचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी प्रवासात आपल्या पायांना दोऱ्या इतक्या करकचून आवळल्या की त्या मांसात रुतल्या आणि सोबत्यांना त्यांच्या जिवाची काळजी वाटू लागली. त्याच पायांनी १५४२ साली गोव्याच्या भूमीवर पाऊल ठेवले आणि १५४८ साली आपल्या वसईलाही भेट दिली. आपल्या प्रदेशाची श्रद्धा अशा रीतीने पॅरिसच्या त्या खोलीशी जोडलेली आहे.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरील चॅपेलमध्ये सात सोबत्यांनी व्रते घेतली. १५३७ साली इग्नेशियस ह्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल ह्यांनी येशूसंघाला मान्यता दिली, आणि पुढल्या वर्षी सोबत्यांनी इग्नेशियस ह्यांची पहिले महाधिकारी म्हणून निवड केली.

समुद्रातील वादळ

ह्या दरम्यान, १५३५ साली, स्पेनहून इटलीला जात असताना त्यांचे जहाज प्रचंड वादळात सापडले. सुकाणू मोडले. आता वाचणे नाही, असे सर्वांना वाटले. मरणाच्या दारातील ही त्यांची दुसरी भेट होती. इग्नेशियस ह्यांनी आपले अंतःकरण तपासले. ह्या वेळी आपल्या पापांची किंवा नरकदंडाची भीती त्यांना वाटेना. देवाने दिलेल्या देणग्या आणि कृपा आपण नीट वापरल्या नाहीत, ह्याचा संकोच आणि दुःख मात्र त्यांना दाटून आले. आपले काय होईल हा प्रश्न मागे पडला होता. आपण देवावर किती कमी प्रेम केले हा प्रश्न पुढे आला होता.

शरीर देवाचे आहे

मान्रेसा येथील अतिरेकाची किंमत शरीराने आयुष्यभर मोजली, असे इग्नेशियस ह्यांचे मत होते. पोटाच्या तीव्र वेदना त्यांना वारंवार अंथरुणाला खिळवीत. म्हणूनच इतरांनी तीच चूक करू नये, ह्याबाबत ते फार दक्ष असत. गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जिया, जे पुढे येशूसंघात येऊन संत झाले, ते कठोर उपवास व देहदंड करीत. सप्टेंबर १५४८ मध्ये इग्नेशियस ह्यांनी त्यांना पत्र लिहून प्रार्थना व तपश्चर्येचा वेळ निम्म्याने कमी करण्यास, पोटभर सकस अन्न घेण्यास आणि रक्त काढणारा देहदंड थांबविण्यास सांगितले. शरीर आणि आत्मा ही दोन्ही देवाची मालमत्ता असून दोहोंचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल, हा त्या पत्राचा गाभा आहे.

संघाच्या नियमावलीतही त्यांनी हीच दृष्टी ठेवली. बौद्धिक काम करणाऱ्यांनीही शरीराला काही व्यायाम द्यावा, परंतु आत्मा दबून जाईल आणि देहाला अपाय होईल इतके श्रम करू नयेत, असा नियम त्यांनी घालून दिला. रोम येथील विद्यार्थ्यांना मोकळ्या हवेत विसावा मिळावा म्हणून त्यांनी एक द्राक्षमळाही घेतला. एके काळी आपल्या शरीराला पुतळ्यासारखे सजविणारा आणि नंतर शत्रूसारखे झोडपणारा हा मनुष्य आता त्याला देवाच्या सेवेतील एक विश्वासू चाकर मानू लागला होता.

तारणाची खात्री

त्याच काळात युरोपमध्ये तारणाच्या प्रश्नावर मोठे वादळ उठले होते. केवळ श्रद्धेने मनुष्य नीतिमान ठरतो आणि त्याने आपल्या तारणाविषयी निःशंक असावे, अशी शिकवण धर्मसुधारक देत होते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी ह्यावर आपला निर्णय प्रसिद्ध केला. तारण ही सर्वस्वी देवाच्या कृपेची देणगी आहे. मनुष्याने त्या कृपेला साथ द्यायची असते. विशेष प्रकटीकरणावाचून आपण अखेरपर्यंत टिकून राहू असे कोणी श्रद्धेच्या निश्चितीने म्हणू नये. तथापि सर्वांनी देवाच्या साहाय्यावर अत्यंत दृढ आशा ठेवावी, असे परिषदेने शिकविले. इग्नेशियस ह्यांचे सोबती लाइनेस आणि सालमेरोन हे पोपमहोदयांचे ईशज्ञानी म्हणून त्या परिषदेला उपस्थित होते. गंमत अशी की, तेथे असताना रुग्णांची सेवा करण्यास आणि मुलांना धर्मशिक्षण देण्यास विसरू नका, अशी सूचना इग्नेशियस ह्यांनी त्यांना धाडली होती.

साधना ग्रंथाच्या शेवटीही त्यांनी ह्याविषयी सावध केले आहे. कृपेविना कोणाचे तारण होत नाही हे सत्य आहे. परंतु सारे आधीच ठरलेले आहे, आता मी काहीही केले तरी काय फरक पडतो, असा समज लोकांत पसरेल आणि ते सत्कृत्यांत आळशी होतील, अशा रीतीने बोलू नये. तसेच मानवी प्रयत्नांचाही असा गौरव करू नये की कृपेचा विसर पडेल.

चरित्रकार रिबादेनेइरा ह्यांनी एक संवाद नोंदविलेला आहे. इग्नेशियस ह्यांनी लाइनेस ह्यांना विचारले की, देवाने दोन पर्याय दिले तर तू कोणता निवडशील? आत्ताच मरण आणि निश्चित स्वर्ग. किंवा तारणाची हमी नसताना पृथ्वीवर राहून देवाची एखादी मोठी सेवा करण्याची संधी. लाइनेस ह्यांनी तत्काळ स्वर्ग निवडला. इग्नेशियस म्हणाले की, आपण राहू आणि सेवा करू. आपल्या प्रेमासाठी ज्याने स्वर्गाची हमी बाजूला ठेवली, अशा सेवकाचा परमेश्वर नाश होऊ देईल ही कल्पनाच त्यांना अशक्य वाटत होती. हमीपत्रापेक्षा हमी देणाऱ्याचे हृदय त्यांनी अधिक विश्वसनीय मानले. ख्रिस्ती आशा ह्याहून वेगळी काय असते?

शेवटचा प्रवास

१५५० साली ते पुन्हा अतिशय आजारी पडले. हे दुखणे शेवटचे, असे सर्वांना वाटले. मरणाच्या दारातील ही तिसरी भेट होती. मृत्यूचा विचार मनात येताच त्यांना इतका आनंद होई की डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागत. हे सुख इतके वाढले की, ते फार होऊ नये म्हणून त्यांनी मृत्यूचा विचार करणेच कमी केले.

प्रत्यक्ष मृत्यू मात्र अगदी गाजावाजा न करता आला. ३० जुलै १५५६ रोजी त्यांनी आपले सचिव पोलांको ह्यांना बोलावून पोपमहोदयांचा आशीर्वाद आणावयास सांगितले. वैद्यांना धोका दिसत नव्हता आणि पोलांको ह्यांना त्या दिवशी स्पेनला जाणारी पत्रे पूर्ण करायची होती. उद्या गेलो तर चालेल काय, असे त्यांनी विचारले. आज गेलास तर बरे, असे सुचवूनही इग्नेशियस ह्यांनी निर्णय त्यांच्यावर सोपविला. रात्री शेजारच्या खोलीतील बंधूला ते देवाचा धावा करताना ऐकू आले. पहाटे सहकाऱ्यांना ते अखेरच्या घटका मोजत असलेले आढळले. पोलांको धावत पोपमहोदयांकडे गेले; ते आशीर्वाद घेऊन परतण्यापूर्वीच इग्नेशियस ह्यांनी प्राण सोडला होता. अंतिम अभ्यंगाचा संस्कारही त्यांना लाभला नाही.

मान्रेसा येथील इग्नेशियस ह्या प्रसंगाने भयभीत झाले असते. एक पाप सांगायचे राहिले काय, ह्या शंकेने ज्यांनी आठवडाभर अन्न सोडले, तेच आता अखेरचा आशीर्वाद उद्यावर गेला तरी शांत राहिले. संस्कारांविषयी त्यांची आस्था कमी झाली नव्हती. आशीर्वाद त्यांनी मागितला होताच. परंतु ज्याच्या हाती त्यांनी आपले जीवन सोपविले होते, त्याच्याच हाती त्यांनी आपला मृत्यूही सोपविला. शवविच्छेदन करणारे प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोम्बो ह्यांना त्यांच्या देहात अनेक खडे आढळले. वर्षानुवर्षे त्यांनी किती वेदना मुकाट्याने सोसल्या, हे तेव्हा जगाला कळले.

त्यांच्या मृत्यूसमयी येशूसंघात सुमारे एक हजार सभासद होते. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी इग्नेशियस ह्यांना संतपद बहाल केले. त्याच दिवशी त्यांचे प्रिय मित्र फ्रान्सिस झेवियर ह्यांनाही हा सन्मान लाभला.

आपल्यासाठी बोध

संत पौलाने तिमथीला शारीरिक व्यायाम काही अंशी उपयुक्त असल्याचे लिहिले, आणि सुभक्ती इहलोकी व परलोकी उपयोगी असल्याचेही सांगितले. फिलिप्पैकरांना त्याने आपले तारण भीत व कापत साधून घेण्यास सांगितले, आणि लगेच आठवण दिली की, इच्छा व कृती ही दोन्ही आपल्या ठायी देवच घडवून आणतो. संत इग्नेशियस ह्यांचे जीवन म्हणजे ह्या शिकवणीचे चालतेबोलते भाष्य होय.

म्हणून व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनी अवश्य जावे. देवाने दिलेले शरीर सुदृढ ठेवावे, परंतु त्याची पूजा करू नये आणि अघोरी उपायांनी त्याचा नाशही करू नये. त्याच नियमितपणाने रात्री पाच-दहा मिनिटे आत्मपरीक्षण करावे, पापनिवेदन संस्कार वेळोवेळी घ्यावा, रविवारची पवित्र मिस्सा चुकवू नये. उचललेले प्रत्येक वजन उद्या अधिक बळ देते. त्याचप्रमाणे क्षमा केलेला प्रत्येक अपराध आणि दुर्बळाला दिलेला प्रत्येक हात आत्म्याला अधिक समर्थ करतो.

आणि पुन्हा कोणी विचारले की, तुझ्या तारणाची तुला खात्री आहे काय, तर आपल्या तरुणाने अडखळण्याचे कारण नाही. त्याने नम्रपणे सांगावे की, माझ्या बळाची मला खात्री नाही, परंतु ज्याने माझ्यासाठी क्रुसावर प्राण दिला त्या प्रभूवर माझी पूर्ण आशा आहे. त्याची कृपा मला रोज उभे करते आणि मी रोज तिला साथ देण्याचा प्रयत्न करतो. संत इग्नेशियस ह्यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांना सुदृढ शरीर, जागृत विवेक आणि अखेरपर्यंत टिकणारी आशा लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.